सपोर्टेड इंटर्नशिप: आमच्या मुलाचं एक वर्ष आणि त्यानंतरचा पगार

हे लिहायच्या आधी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "माझं नाव नको. ट्रॉलीचं लिही." म्हणून ट्रॉलीपासूनच सुरुवात करते.

निळी, तीन कप्प्यांची ट्रॉली आहे. वरच्या कप्प्यात हातमोज्यांची खोकी, लहान, मध्यम आणि मोठी. मधल्यात प्लॅस्टिकच्या एप्रनचे रोल आणि हात पुसायचे कागद. खालच्यात मास्क. इंग्लंडमधल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे अडतीस तपासणी खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत भिंतीवर हातमोज्यांच्या तीन खोक्यांची जाळी आहे. आठवड्यातले चार दिवस, सकाळी साडेसात ते साडेअकरा, आमचा मुलगा एकेका खोलीत जातो, खोकं हलवून बघतो, हलकं लागलं की बदलतो, रिकामं खोकं चपटं करून ट्रॉलीला अडकवलेल्या पिशवीत टाकतो आणि पुढच्या दाराशी जातो. डॉक्टर आणि पेशंट यायच्या आत खोल्या भरलेल्या असाव्या लागतात. सप्टेंबर २०२४ पासून तो हे काम पगारावर करतोय.

त्याची परिस्थिती स्पष्ट लिहिते, म्हणजे वाचणाऱ्या आईबापांना आपल्या मुलाशी ताडून बघता येईल. त्याला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे. छोटे, ओळखीचे शब्द वाचतो. घड्याळ काट्यांचं कळत नाही, आकड्यांचं कळतं. पाच पौंडांची नोट दिली तर सुटे किती परत यायला हवेत हे सांगता येत नाही. बोलणं घरच्यांना नीट कळतं, परक्याला दुसऱ्यांदा विचारावं लागतं. आम्ही मिरजेहून इथे आलो तेव्हा तो पाच वर्षांचा होता.

इथे शब्दांचा एक घोळ आहे, तो आधी सोडवते. इंग्लंडमध्ये 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणतात ती बौद्धिक अक्षमता. आपल्याकडे याच शब्दाने डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता डोळ्यांसमोर येते. इथे डिस्लेक्सियाला 'लर्निंग डिफिकल्टी' म्हणतात. माझ्या नणंदेचा आणि माझा यावरून फोनवर अर्धा तास गैरसमज चालला होता, ती म्हणत होती अशी मुलं तर इंजिनियर होतात.

आता सपोर्टेड इंटर्नशिप म्हणजे काय ते. १६ ते २४ वर्षांच्या, ईएचसी प्लॅन असलेल्या मुलांसाठीचा हा अभ्यासक्रम आहे. ईएचसी प्लॅन म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा एकत्र, कायदेशीर आराखडा. तो २०१४ च्या कायद्याने आला आणि पंचवीस वर्षांपर्यंत राहू शकतो. अभ्यासक्रम म्हटलं तरी मूल बहुतेक वेळ कॉलेजात नसतं. प्रत्यक्ष नोकरीच्या ठिकाणी, निदान सहा महिने, खरं काम करत असतं आणि त्याच्याबरोबर जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी काम शिकवणारं माणूस, असतो. उद्देश एकच, शेवटी पगाराची नोकरी. सरकारने २०२२ मध्ये यासाठी तीन वर्षांचे १.८ कोटी पौंड ठेवले आणि दरवर्षीच्या इंटर्नची संख्या दुप्पट करून ४,५०० पर्यंत न्यायचं ठरवलं. एवढा खटाटोप कशासाठी, तर समाजसेवा विभागाकडे नोंद असलेल्या बौद्धिक अक्षमतेच्या प्रौढांपैकी पगारी कामात असलेल्यांचं प्रमाण या देशात पाच टक्क्यांच्या आसपास अडकून बसलंय. वीस जणांत एक. मुलाच्या शाळेच्या शेवटच्या कार्यक्रमाचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. त्यात एकोणीस मुलं आहेत.

शाळेनंतर तो तीन वर्षं एका कॉलेजात होता. कॉलेजचं नाव घेत नाही. शिकवणारी माणसं प्रेमळ होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पहिल्या वर्षी सँडविच करायला शिकवलं, दुसऱ्या वर्षी सँडविच, तिसऱ्या वर्षी सँडविच आणि टोस्ट. दरवर्षी एक प्रमाणपत्र. घरी तो माझ्या पोळ्यांना तूप लावून, मोजून, डब्यात भरत होता आणि तिकडे त्याला ब्रेडला लोणी लावण्याचं 'पूर्वतयारी' म्हणून प्रमाणपत्र मिळत होतं. कशाची पूर्वतयारी, हे तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही. आयुष्यातली तीन वर्षं ही. त्याच्या वयाची इतर मुलं त्या काळात डिग्री घेऊन बाहेर पडली.

तिसऱ्या वर्षाच्या आढावा बैठकीत मी पहिल्यांदा 'सपोर्टेड इंटर्नशिप' हे शब्द ऐकले, तेही दुसऱ्या एका मुलीच्या आईकडून, बाहेर कॉरिडॉरमध्ये.

आम्ही निवडली ती इंटर्नशिप प्रोजेक्ट सर्चच्या धर्तीवरची होती. हा नमुना अमेरिकेतला आहे. १९९६ मध्ये सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात एरिन रील या नर्स तातडीच्या विभागाच्या प्रमुख होत्या. विभागातलं सामान वेळेवर भरून ठेवायला टिकणारी माणसं मिळेनात, तेव्हा या कामासाठी बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना शिकवून का घेऊ नये, असा विचार त्यांनी केला. सामान भरून ठेवणं! मी हे मुलाला नोकरी लागल्यावर वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. इंग्लंडमध्ये हा नमुना आता अनेक रुग्णालयांत, महापालिकांत आणि हॉटेलांत चालतो. वर्षभर एकाच मोठ्या आस्थापनेत राहायचं, वर्ग तिथेच भरतो, आणि साधारण दहा-बारा आठवड्यांच्या तीन फेऱ्यांत तीन वेगळी कामं करून बघायची.

आमच्या तुकडीत नऊ जण होते, एक शिक्षिका आणि दोन कोच.

सुरुवात व्हायच्या आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, कोच दोनदा घरी आल्या. मला वाटलं कागद भरायला आल्यात. मी चहा ठेवला, फाइल काढली. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "तो रोज घरात काय करतो ते मला बघता येईल का?" मग त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मुलगा त्या दिवशी आलेलं वाणसामान लावत होता. तूरडाळ तुरडाळीच्या डब्यात, पोहे पोह्यांच्या. हे तो लहानपणापासून करतो. मी त्याला कधी काम समजले नव्हते, त्याला गुंतवून ठेवायचा प्रकार समजत होते. कोचनी अर्धा तास एक शब्द न बोलता पाहिलं आणि वहीत लिहिलं. मग मला विचारलं, "तो ओठांत काय पुटपुटतो?"

तो मोजत होता. मराठीत. शाळेत त्याचं मोजणं कच्चं आहे असा शेरा वर्षानुवर्षं होता, कारण इंग्रजीत थर्टीन आणि थर्टी, फोर्टीन आणि फोर्टी यांत तो हमखास अडकतो. मराठीत तेरा म्हणजे तेरा आणि तीस म्हणजे तीस, दोन्हींचा आवाजच वेगळा. पन्नासपर्यंत तो बिनचूक जातो. पंधरा वर्षांत एकाही शाळेने हे विचारलं नव्हतं. कोचनी माझ्याकडून एक ते वीस लिहून घेतले, आपल्या लिपीत उच्चार टिपले, आणि सप्टेंबरमध्ये कामाच्या पहिल्या दिवशी त्याच्यासमोर "अकरा, बारा, तेरा" म्हणून दाखवलं. मुलगा घरी आला तो हसतच.

पहिले तीन आठवडे बसचे होते. घरापासून रुग्णालयापर्यंत एक बस, चौदा थांबे. पहिल्या आठवड्यात कोच शेजारी बसल्या, दुसऱ्या आठवड्यात मागच्या सीटवर, तिसऱ्या आठवड्यात त्या उतरायच्या थांब्यावर उभ्या राहिल्या आणि तो एकटा आला. त्या दिवशी मी घरी ओट्याशी उभी राहून फोनकडे बघत होते. आठ वाजून चार मिनिटांनी निरोप आला: पोहोचला. मी नवऱ्याला फोन केला आणि आम्ही दोघंही काही बोलू शकलो नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलंय ती सांगते. या सेवेत जॉब कोच ही खरी सेवा आहे. बाकी सगळं, पुस्तिका, फोटो, पदवीदान समारंभ, कोच चांगला नसेल तर कागदच.

पहिली फेरी लिनन रूमला होती. धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे, टॉवेल वॉर्डनिहाय ट्रॉलीत भरायचे. कोचनी आधी दोन दिवस ते काम स्वतः केलं. मग कामाच्या सव्वीस पायऱ्या लिहून काढल्या. 'ट्रॉली भर' अशी एक पायरी नाही. ट्रॉलीचा ब्रेक पायाने दाब, वॉर्डचं कार्ड हुकाला लाव, चादरींच्या फळीसमोर उभा राहा, घडीची बाजू आपल्याकडे ठेवून उचल, अशा सव्वीस. प्रत्येक पायरीपुढे रोजचा रकाना: स्वतःहून केलं, खुणेने केलं, दाखवल्यावर केलं. आठवड्याच्या शेवटी तो तक्ता बघितला की मूल कुठे अडतंय ते दिसतं. माझा मुलगा चौथ्या पायरीला अडत होता. घडी उलटी धरत होता. सगळं काम नाही, एक पायरी. फळीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली आणि दोन दिवसांत ते सुटलं.

ऑक्टोबरमध्ये मला एक तास बघायला परवानगी मिळाली. मी गेले आणि माझं मन खट्टू झालं. कोच त्याच्याशी बोलतच नव्हत्या. त्याने चार ट्रॉल्या बरोबर भरल्या, एकदाही 'शाब्बास' नाही. चुकीच्या अभ्र्याकडे हात गेला तेव्हा फक्त बोटाने बरोबर गठ्ठा दाखवला. आम्ही घरी त्याने ताट उचललं तरी टाळ्या वाजवणारे. मी बाहेर आल्यावर विचारलंच. त्या म्हणाल्या, प्रत्येक पायरीला शाबासकी दिली तर तो शाबासकीची वाट बघत थांबेल. मी नसेन त्या दिवशी कामही थांबेल. मी गप्प आहे याचा अर्थ त्याला कळलाय, बरोबर चाललंय, पुढे जा. काम झाल्यावर चहा पिताना आम्ही दोघं भरपूर बोलतो.

ही पद्धत मार्क गोल्ड या अमेरिकन माणसाने १९७० च्या दशकात घडवली. ज्यांना काही शिकवता येणार नाही असं ठरवून टाकलं होतं, अशा लोकांना त्यांनी सायकलचा ब्रेक सुट्या भागांतून जोडायला शिकवलं. त्यांचं म्हणणं असं की समोरचा शिकत नसेल तर शिकवण्याची रीत बदलायची, त्याच्यावर शिक्का मारायचा नाही. मी लिनन रूमच्या दारात उभी राहून पाहिलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. पण घरी येऊन आम्ही टाळ्या बंद केल्या. ताट उचललं तर उचललं. महिनाभरात तो स्वतःहून भांडी विसळायला लागला.

दुसरी फेरी फसली, आणि ती कशी हाताळली यावरून मी या लोकांना ओळखलं. जानेवारीत त्याला टपाल विभागात घातलं. पत्रं विभागांच्या खणांत टाकायची. विभागांची नावं लांबलचक, एकमेकांसारखी. तिसऱ्या आठवड्यापासून त्याचं सकाळी पोट दुखायला लागलं. 'मला हे जमत नाही' हे वाक्य त्याला बनवता येत नाही, त्याचं पोट दुखतं. मी डॉक्टरांकडे न्यायच्या तयारीत होते. कोचनी तक्ता काढला: बारा दिवसांत चुका कमी झालेल्या नाहीत, म्हणजे रीत बदलायला हवी. खणांना रंग दिले. थोडं सुधारलं. अजून आठवडाभर पाहिलं. मग पाचव्या आठवड्यात शिक्षिका, कोच, टपाल विभागाची प्रमुख आणि तो असे बसले आणि फेरी तिथेच थांबवली. त्याच्या नोंदीत 'नापास' असं कुठेही लिहिलं नाही. लिहिलं ते असं: वाचून वर्गवारी करण्याचं काम नको, वस्तू हाताळण्याचं, चालत राहण्याचं, रोज एकाच क्रमाचं काम हवं. मागच्या तीन वर्षांच्या प्रमाणपत्रांपेक्षा ही एक ओळ त्याच्या जास्त उपयोगी पडली.

त्या ओळीवरूनच तिसरी फेरी ठरली, भांडार विभाग. माझे वडील मिरजेला एका दवाखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं की नातू दवाखान्याच्या स्टोअरमध्ये लागलाय, तर त्यांचा पहिला प्रश्न: "स्टॉकबुक कोण लिहितं?" मी म्हटलं, बाबा, कॉम्प्युटरवर असतं. ते म्हणाले, "मग याने खोकी नीट मोजायला हवीत, कॉम्प्युटरला काय माहीत." तेव्हापासून दर रविवारी आजोबा नातवाकडून हिशोब घेतात. किती खोकी गेली? मोठ्या मापाची जास्त गेली का? नातू मराठीत मोजून सांगतो.

भांडारात कोचनी केलेलं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. मोकळी जागा होती ती संपूर्ण भांडार-सहायकाची. त्यात संगणकावर मागणी नोंदवणं, फोन घेणं, जड माल उतरवणं सगळं आलं. ते त्याला जमलं नसतं. कोच महिनाभर विभागात फिरल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की बाह्यरुग्ण खोल्यांतली खोकी भरायचं काम ठरावीक कुणाचंच नाही. सकाळच्या घाईत नर्सच हातमोजे शोधत भांडारापर्यंत येतात. त्यांनी ते तुकडे वेगवेगळ्या माणसांच्या कामांतून काढून एकत्र केले, तास मोजले, ते आठवड्याला सोळा भरले, आणि तसा कागद विभागप्रमुखांपुढे ठेवला. नर्सचा वेळ वाचतो हे त्यांना पटलं. नोकरी दयेने मिळाली नाही, गरज दाखवून मिळाली, हे मी सगळ्यांना मुद्दाम सांगते.

मुलाखत झाली ती अडतीसपैकी सहा खोल्यांत. टेबलापलीकडच्या तीन माणसांपुढे बसवून 'तुमच्या जमेच्या बाजू सांगा' म्हटलं असतं तर तो गप्प बसला असता. २०१० च्या समानता कायद्याप्रमाणे मालकाने असा वाजवी बदल करून द्यायचा असतो, म्हणून मुलाखतीऐवजी काम करून दाखवायचं ठरलं. दोन अधिकारी त्याच्यामागे चालले. तिसऱ्या खोलीत जाळी सैल झाली होती. हे शिकवलेल्या पायऱ्यांत नव्हतं. तो थांबला, जाळीकडे बघितलं, आणि बाहेर जाऊन नर्सला हाताला धरून घेऊन आला. कोच मला सांगताना रडल्या.

पैशांचं लिहायलाच हवं, कारण निम्मे आईबाप भत्ता जाईल या भीतीने मुलाला नोकरीपासून लांब ठेवतात. मीही त्यांच्यात होते. त्याचं काम किमान वेतनावर सुरू झालं, तेव्हा २१ वर्षांपुढच्यांना तासाला ११.४४ पौंड होतं. सोळा तासांचे आठवड्याला १८३.०४, महिन्याला सरासरी ७९३ पौंड. त्याला युनिव्हर्सल क्रेडिट हा कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी भत्ता आहे. घरभाड्याचा भाग नसलेल्या आणि आजार-अपंगत्वामुळे कामाची क्षमता मर्यादित ठरलेल्या माणसाला त्या वर्षी महिन्याला ६७३ पौंडांपर्यंतची कमाई माफ होती. त्यापुढच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापतात. म्हणजे वरच्या १२० पौंडांवर सुमारे ६६ पौंड कमी झाले. ७९३ आले, ६६ गेले. पिप हा अपंगत्वासाठीचा वेगळा भत्ता कमाईवर अवलंबूनच नसतो, तो तसाच राहिला. हा हिशोब आमच्या तुकडीच्या शिक्षिकेने वहीच्या पानावर मांडून दिला. प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील, पण मांडून घ्या, भीतीवर निर्णय घेऊ नका.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. पगाराची नोकरी लागली की ईएचसी प्लॅन बंद होऊ शकतो. आमचा झाला. इतकी वर्षं भांडून मिळवलेला कागद हातातून सोडताना जीव खालीवर होतो. त्याआधी नोकरीत कोचचा आधार पुढे कुठून मिळणार हे लेखी ठरवून घ्या. नोकरीतल्या कोचसाठी 'ॲक्सेस टू वर्क' या सरकारी योजनेतून पैसे मिळू शकतात.

आता जे आवडलं नाही ते. नोकरी द्यायचं जुलैत ठरलं आणि पहिला दिवस उगवला सप्टेंबरच्या मध्यावर. मधले आठवडे कागदांत गेले. ज्या मुलासाठी मुलाखत बदलली, त्याच्यासाठी नोकरीचा अर्ज मात्र बदलला नव्हता. संगणकावरचे अकरा प्रशिक्षण-धडे, जड इंग्रजीतले, वेळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. या काळात तो रोज सकाळी बॅज गळ्यात घालून बसायचा आणि विचारायचा, "उद्या?" कोचच्या तासांची मंजुरीही उशिरा आली, म्हणून पहिले काही आठवडे चारपैकी दोनच दिवस त्या येऊ शकल्या. ज्या पोराला वर्षभर पायरीपायरीने चढवलं त्याला शेवटच्या पायरीवर लोंबकळत ठेवणं बरं नाही.

दुसरं, वर्षभर बिनपगारी. हे शिक्षण आहे, म्हणून किमान वेतन लागू होत नाही, हे मला कळतं. पहिल्या दोन फेऱ्यांत ते योग्यही होतं. पण तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या महिन्यात तो शेजारच्या पगारी माणसाइतकंच काम करत होता. हे मला आजही खटकतं. आम्हाला परवडलं. तुकडीतल्या एका आईने रात्रपाळी घेतली होती.

आणि तिसरं. नऊपैकी सहा जणांना नोकरी लागली, तिघांना नाही. त्यातली एक मुलगी माझ्या मुलापेक्षा भराभर वाचते, फोनवर छान बोलते. ती ज्या विभागात तयार झाली तिथली जागा ऐन वेळी रद्द झाली. आता ती घरी आहे. तिच्या आईला मी दर आठवड्याला फोन करते आणि आपल्या मुलाची बातमी सांगताना जीभ अडखळते. समारंभात सगळ्यांना सारखाच झगा आणि सारखीच टोपी होती.

म्हणून कुठल्याही इंटर्नशिपच्या माहितीसंध्येला गेलात तर वर्ष 'पूर्ण' किती जणांनी केलं हे विचारू नका, ते सगळेच करतात. मागच्या तुकडीतल्या किती जणांना पगार सुरू झाला, आठवड्याला किती तासांचा, आणि सहा महिन्यांनी त्यातले किती कामावर आहेत, हे विचारा. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर उठून या. एका कोचकडे किती मुलं आहेत आणि त्यांचं पायऱ्यांच्या पद्धतीचं प्रशिक्षण झालंय का, तेही विचारा. मुलाला ज्या विभागात ठेवणार तिथे खरोखर माणसं नेमतात की कामं मुलांसाठी तयार केलेली आहेत, हे शक्य असेल तर आतल्या एखाद्या कर्मचाऱ्याला विचारा. मी कँटीनमध्ये चहा घेताना एका पोर्टरला विचारलं होतं. आणि हे सगळं मूल अठराचं असतानाच सुरू करा. आमची तीन वर्षं सँडविचांत गेली.

पुण्याहून नणंद विचारते, आपल्याकडे असं काही का नाही. तिची भाची एका कार्यशाळेत कागदी पाकिटं आणि दिवाळीला पणत्या रंगवते. कायदा आपल्याकडेही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा ठेवल्या. त्यातला १ टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे. मुंबईला गेलो असताना आम्ही जुहूच्या कॅफे अर्पणमध्ये गेलो. यश चॅरिटेबल ट्रस्टचा हा कॅफे बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेले तरुण चालवतात. मुलाने तिथे चहा देणाऱ्या मुलाला आपला बॅज दाखवला, त्याने आपला एप्रन दाखवला, आणि दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघून हसत होते. तिथून निघताना मी नणंदेला सांगितलं की सव्वीस पायऱ्यांचा तक्ता लिहायला सरकारी मंजुरी लागत नाही. भाची ज्या दुकानात रोज दूध आणायला जाते, त्या दुकानदाराशी बोलून बघ. दुकानात बाटल्या लावायचं काम आधी तू दोन दिवस कर, पायऱ्या लिही, मग तिला घेऊन जा, आणि दर आठवड्याला एक पाऊल मागे उभी राहा. तिने मागच्या महिन्यात सुरुवात केलीय. अजून पगार नाही, पण दुकानदाराने स्वतःहून विचारलं की उद्या येणार ना.

पहिल्या पगारातून मुलाने काय घेतलं, हे सगळे विचारतात. आजोबांसाठी कॅल्क्युलेटर घेतला, मोठ्या बटणांचा. मिरजेला पोहोचलाय.

आता त्याला तास वाढवून हवेत, सोळाचे वीस. पाचवा दिवस हवाय, कारण शुक्रवारी दुसरं कुणीतरी त्याची ट्रॉली घेतं आणि सोमवारी कप्पे विस्कटलेले असतात. हे त्याने मला नाही, थेट आपल्या वरिष्ठ बाईंना सांगितलं. येत्या सोमवारी अकरा पंचेचाळीसला त्यावर बैठक आहे. तो, वरिष्ठ आणि कोच. मला बोलावलेलं नाही.